डिस्क तीच, पत्ता चुकला: अपग्रेडनंतर पार्टिशन माउंट होत नसेल तर

लिनक्सचं अपग्रेड संपलं, संगणक रीस्टार्ट झाला आणि काळ्या पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकायला लागल्या. शेजारी एक वाक्य: अमुक डिस्कची वाट बघतो आहे, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. आपण ते घड्याळ बघत बसतो. दीड मिनिट सरतं आणि पडदा जाहीर करतो, तुम्ही इमर्जन्सी मोडमध्ये आहात.

डिस्क गेली, असंच पहिल्यांदा वाटतं. खरं नुकसान बहुतेक वेळा यानंतरच्या तासाभरात होतं आणि ते आपल्याच हातून होतं. कुणी सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतं, कुणी नेटवर दिसलेली दुरुस्तीची कमांड भलत्याच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भलत्याच भागावर, चालवतं. अपग्रेडच्या वेळी डिस्कवरच्या डेटाला सहसा धक्का लागत नाही. बदलतो तो डिस्कचा पत्ता, नाहीतर तो पत्ता वाचणारा प्रोग्राम. त्यामुळे आधी शोधायचं ते एवढंच: गाडी नेमकी कोणत्या पायरीवर अडली?

पुढे कमांड आणि फाइलींची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमी लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

माउंट हा शब्द मोठमोठ्या संगणकांच्या काळातला. तेव्हा टेप किंवा डिस्कचा जडशीळ संच खरोखर हातांनी उचलून यंत्रावर चढवावा लागे. आज चढवण्यासारखं काही उरलं नाही, शब्द तेवढा उरला. विंडोजमध्ये प्रत्येक पार्टिशनला सी, डी, ई असं अक्षर मिळतं आणि ती शेजारी शेजारी नांदतात. लिनक्समध्ये सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं, त्याचं मूळ म्हणजे नुसता स्लॅश. दुसरं पार्टिशन वापरायचं तर ते या झाडावरच्या एखाद्या फोल्डरला जोडायचं. उदाहरणार्थ /होम हा फोल्डर दिसायला झाडाचाच भाग, पण त्याच्या आतलं सगळं वेगळ्या पार्टिशनवर असू शकतं. जोडण्याआधी त्या फोल्डरमध्ये काही फाइली असतील तर त्या पुसल्या जात नाहीत, फक्त झाकल्या जातात. ही बाब लक्षात ठेवा, पुढे एका नाठाळ बिघाडाच्या मुळाशी हीच निघणार आहे.

कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं, याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या साध्या मजकूर फाइलमध्ये असते. एका पार्टिशनला एक ओळ, एका ओळीत सहा रकाने. पहिल्यात कोणतं पार्टिशन, दुसऱ्यात कुठल्या फोल्डरला जोडायचं, तिसऱ्यात फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइली डिस्कवर मांडण्याच्या पद्धतीचा, प्रकार, चौथ्यात पर्याय. पाचवा डंप नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी आहे, तिथे जवळजवळ नेहमी ० असतो. सहाव्यात बूट होताना तपासणीचा क्रम: मूळ पार्टिशनला १, बाकीच्यांना २, तपासायचंच नसेल तर ०. बहुतेक भानगडी पहिल्या आणि चौथ्या रकान्यात होतात.

पहिल्या रकान्यात पूर्वी एचडीए१, एसडीए२ अशी नावं लिहीत. ही नावं म्हणजे रांगेतला नंबर. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडली ती ए, नंतरची बी. रांगेत कुणी मधे घुसलं की मागच्या सगळ्यांचे नंबर बदलतात. नव्या कर्नलने ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने लोड केले किंवा बाहेरची यूएसबी डिस्क जोडलेली राहिली, की कालची एसडीए आज एसडीबी होते. २००७ मध्ये तर नाव ठेवण्याची रीतच बदलली. त्या वर्षी आलेल्या फेडोरा ७ या डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचामध्ये) जुन्या पद्धतीच्या आयडीई डिस्कही एचडीएऐवजी एसडीए म्हणून दिसू लागल्या. डिस्क जागच्या जागी होत्या, पण जुनी यादी घेऊन आलेल्या संगणकाच्या दृष्टीने त्या नाहीशाच झाल्या होत्या.

यावरचा तोडगा म्हणजे यूयूआयडी. फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमवर एक ओळख कोरली जाते आणि डिस्क कुठल्याही खोबणीत लावली तरी ती तीच राहते. ईएक्सटी४, एक्सएफएस यांच्यासाठी ही ओळख सोळा-आधारी ३२ अक्षरांची असते, मधे चार आडव्या रेघा. एफएटी प्रकारच्या पार्टिशनला ८ अक्षरं मिळतात, एनटीएफएसला १६. ८ अक्षरांची ओळख बघून काहीतरी कापलं गेलंय असं समजू नका, ती तेवढीच असते.

पण ही ओळख फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेली असल्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की ओळख नवी होते आणि यादीतली जुनी राहते. स्वॅपच्या, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेच्या, बाबतीत हे फार होतं. शेजारी दुसरी लिनक्स इन्स्टॉल करताना इन्स्टॉलर दोघांत सामाईक असलेलं स्वॅप नव्याने तयार करतो आणि पहिली लिनक्स दर बूटला दीड मिनिट जुन्या स्वॅपची वाट बघत बसते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. अपग्रेडआधी शहाणपणाने डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि ती प्रत तशीच जोडून ठेवली, तर एकाच ओळखीच्या दोन डिस्क हजर होतात. यंत्राने कुठली उचलली हे आपल्याला कळतही नाही. एक्सएफएस अशा वेळी दुसऱ्या प्रतीला सरळ नकार देते, तो प्रामाणिकपणाच म्हणायचा. बीटीआरएफएस गोंधळून डेटा बिघडवू शकते. प्रत काढून झाली की तिची केबल काढून ठेवा.

आता मूळ प्रश्न: कालपर्यंत चालणारी यादी अपग्रेडनंतर आजच का अडली? पुष्कळदा चूक जुनीच असते, तिच्याकडे काणाडोळा करणारा बदललेला असतो. माझ्या एफएसटॅबमध्ये केव्हाच काढून टाकलेल्या एका डिस्कची ओळ वर्षानुवर्षं पडून होती. बूट होताना एक तक्रार झर्रकन वर सरकून जायची आणि काम चालू राहायचं. एका अपग्रेडनंतर त्याच ओळीने संगणक अडवून ठेवला. हे केवळ माझ्याच नशिबी आलं असं नाही. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या डेबियन ८ ने सेवा सुरू करण्याचं काम सिस्टिमडी या प्रोग्रामकडे सोपवलं, आणि सोबतच्या सूचनांमध्ये माउंटबाबत आता जास्त कडकपणा असेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. यादीत लिहिलेलं पार्टिशन सापडलं नाही तर जुनी व्यवस्था पुढे जायची, सिस्टिमडी मात्र ९० सेकंद थांबून बूट थांबवते. मला स्वतःला हा कडकपणा पटतो. डेटाबेसचं पार्टिशन जोडलं गेलं नाही आणि प्रोग्राम रिकाम्या फोल्डरमध्ये नवा डेटा लिहीत सुटला, त्यापेक्षा काळा पडदा परवडला. जे पार्टिशन नसलं तरी चालेल, त्याच्या चौथ्या रकान्यात नोफेल हा शब्द घालायचा. वाट बघण्याचा वेळ कमी करण्यासाठी एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट हा पर्यायही आहे. बाहेरच्या डिस्कला हे दोन्ही लावावेत. मूळ पार्टिशनला अर्थातच नाही.

इमर्जन्सी मोडमध्ये पोहोचलात तर एक चांगली बातमी आहे. मूळ पार्टिशन सापडलेलं आहे, अडलंय ते बाकीच्यांपैकी कुणाचं तरी. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड देऊन आत जा. काही डिस्ट्रोंमध्ये रूटचं खातं मुळातच कुलूपबंद असतं आणि पडदा तसं सांगून मोकळा होतो. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून (जो स्वतःच अख्खी लिनक्स चालवतो) बूट करून आतली यादी दुरुस्त करावी लागते. आत गेल्यावर जर्नलसीटीएल -एक्सबी ही कमांड सगळी नोंद दाखवते. लांबलचक असते, घाबरू नका, त्यात लाल ओळी शोधा. मग एलएसबीएलके -एफ चालवा. सगळी पार्टिशनं, त्यांचे प्रकार आणि ओळखी एका तक्त्यात येतील. शेजारी एफएसटॅब ठेवून एकेक ओळ ताडून बघा. जी ओळख यादीत आहे आणि तक्त्यात नाही, ती गुन्हेगार.

ओळ खोडू नका. तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह लावा म्हणजे ती वगळली जाईल, पण उद्या बघायला शिल्लक राहील. फाइल सेव्हच होत नसेल तर मूळ पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असतं, ते माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू आणि पुढे स्लॅश, एवढं लिहून लिहिण्याजोगं करता येतं. त्यानंतर सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड. ही पायरी पुष्कळजण गाळतात. सिस्टिमडी एफएसटॅब वाचून स्वतःची टिपणं आधीच तयार करून ठेवते. यादी बदलली हे तिला सांगितलं नाही तर ती जुन्या टिपणांवरच चालते आणि आपण म्हणतो, दुरुस्त केलं तरी काही फरक नाही. मग फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवून यादीतल्या चुका बघा आणि माउंट -ए ने सगळं जोडून पाहा. ती काही न बोलता संपली तर रीस्टार्ट करायला हरकत नाही.

माउंटचे निरोप तुटक असतात, पण त्यांतला फरक कामाचा असतो. यूयूआयडी सापडत नाही, याचा अर्थ पत्ता चुकला किंवा डिस्कच दिसत नाही. माउंट पॉइंट अस्तित्वात नाही, म्हणजे जोडायचा फोल्डरच नाही, तो तयार केला की झालं. फाइल सिस्टिमचा प्रकार अनोळखी, म्हणजे कर्नलकडे ती भाषा वाचणारं मॉड्यूल नाही. आणि एक सर्वसमावेशक निरोप आहे: प्रकार चुकला, पर्याय चुकला, सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती) बिघडला किंवा आणखी काही. हा निरोप म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं व्हायरल. तो दिसला की लगेच डीमेसेज (रोमीत dmesg) ही कमांड चालवा, कर्नलने खरं कारण तिथे शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं.

पुष्कळदा ते कारण चौथ्या रकान्यात सापडतं. एक्सएफएससाठी वेग वाढावा म्हणून नोबॅरियर हा पर्याय लिहिण्याची एके काळी पद्धत होती. कर्नल ४.१९ मध्ये तो पर्याय काढून टाकला. पार्टिशन ठणठणीत, ओळख बरोबर, तरीही त्या एका शब्दापायी माउंट नाकारला जातो. शब्द काढला की लगेच चालतं. याहून अवघड प्रसंग म्हणजे फाइल सिस्टिमच निवृत्त होणं. रायझरएफएस २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या कर्नल ६.१३ मधून पूर्णपणे काढली गेली. कुणाकडे त्या प्रकारचं जुनं पार्टिशन असेल तर अपग्रेडनंतर ते उघडायचा प्रयत्न करत बसू नये. जुन्या कर्नलने बूट करावं, डेटा दुसरीकडे हलवावा आणि पार्टिशन नव्या प्रकारात फॉरमॅट करावं.

आतापर्यंतचं सगळं मूळ पार्टिशन सापडल्यावरचं. तेच सापडलं नाही तर पडदा वेगळा दिसतो: कंसात इनिटरॅमएफएस असा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे कोंबडी आधी की अंडं आधी, हा पेच आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच आहे. म्हणून बूटलोडर (संगणक चालू झाल्यावर कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या सोबत एक छोटी शिदोरी मेमरीत आणून ठेवतो. तिच्यात मोजके ड्रायव्हर आणि मूळ पार्टिशन शोधून जोडण्यापुरती हत्यारं असतात. ही शिदोरी म्हणजे इनिटरॅमएफएस. प्रत्येक कर्नलची स्वतंत्र असते आणि नवा कर्नल आला की ती नव्याने बांधावी लागते. अपग्रेडमध्ये बांधणी अर्धवट राहिली, /बूट या कर्नल ठेवण्याच्या फोल्डरमध्ये जागाच उरली नाही किंवा एखादा ड्रायव्हर राहून गेला, की नवा कर्नल दारापर्यंत येतो आणि तिथेच थबकतो.

या कर्सरवर बीएलकेआयडी टाइप करा. पार्टिशनांची यादी आली तर डिस्क दिसते आहे. मग कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन लिहून बूटलोडरने कोणती ओळख मागितली ते ताडून बघा. यादी रिकामी आली तर ड्रायव्हर नाही, किंवा बायोसमध्ये डिस्कची पद्धत रेड आणि एएचसीआय यांच्यात बदलली गेली आहे. पडद्यावर एफएससीके हाताने चालवा असं लिहिलं असेल, तर मामला फाइल सिस्टिमच्या तपासणीचा आहे, शिदोरीचा नाही. त्या वेळी निरोपात दिलेल्याच पार्टिशनवर एफएससीके चालवायचं आणि एक्झिट म्हणून पुढे जायचं.

शिदोरीच बिघडली असेल तर सोपा उपाय ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूमध्ये असतो. प्रगत पर्यायांत जुना कर्नल निवडा, त्याची शिदोरी शाबूत असते. आत गेल्यावर डेबियन कुळात अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल आणि फेडोरा कुळात ड्रॅकट --फोर्स --रीजनरेट-ऑल ही कमांड ती पुन्हा बांधते. अपग्रेडनंतर लगेच जुने कर्नल साफ करण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

जुना कर्नलही नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह. मूळ पार्टिशन /एमएनटी इथे जोडायचं, त्याच्या आत /बूट आणि /बूट/ईएफआय जोडायचे, मग /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस हे तीन बाइंड पद्धतीने आत आणायचे आणि सीएचरूट करून त्या सिस्टिममध्ये शिरायचं. पार्टिशनं एलव्हीएम या व्यवस्थेत बांधलेली असतील तर आधी व्हीजीचेंज -एवाय लागतं. डिस्क लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर एक बारीक खाच आहे, तिने भल्याभल्यांची रात्र खाल्ली आहे: क्रिप्टसेटअपने डिस्क उघडताना /ईटीसी/क्रिप्टटॅबमध्ये जे नाव आहे तेच द्यायचं. मनाला येईल ते नाव दिलंत तर शिदोरी बांधणाऱ्या प्रोग्रामला दोन्हींचा संबंध लागत नाही, तो कुलूप उघडण्याचं हत्यार बांधतच नाही आणि तुम्ही परत त्याच कर्सरवर येता.

आता तो झाकलेल्या फाइलींचा नाठाळ बिघाड. समजा /बूट वेगळ्या एफएटी पार्टिशनवर आहे आणि अपग्रेडच्या वेळी ते काही कारणाने जोडलेलंच नव्हतं. अपग्रेडला हे कळत नाही. तो नवा कर्नल /बूट नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ पार्टिशनवरच, टाकून मोकळा होतो. बूटलोडर मात्र खऱ्या /बूट पार्टिशनवरचा जुनाच कर्नल उचलतो. तो सुरू होतो आणि आपली मॉड्यूलं मागतो, पण काही डिस्ट्रोंमध्ये अपग्रेडने जुनी मॉड्यूलं काढून टाकलेली असतात. एफएटी वाचणारं मॉड्यूल नाही म्हणून /बूट जोडता येत नाही, आणि /बूट जोडता येत नाही म्हणून नवा कर्नल तिथे पोहोचवता येत नाही. निरोप दिसतो तो फक्त प्रकार अनोळखी असल्याचा. उपाय वरचाच: लाइव्ह पेनड्राइव्ह, सगळी पार्टिशनं जागच्या जागी जोडणं, सीएचरूट आणि कर्नलचं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करणं. यूनेम -आर ने चालू कर्नलचा आकडा बघा. तो इन्स्टॉल झालेल्या पॅकेजशी जुळत नसेल तर हीच भानगड आहे.

शेजारी विंडोज असेल तर आणखी एक तक्रार नेहमीची: एनटीएफएस पार्टिशन जोडलं जात नाही, किंवा फक्त वाचता येतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आला. शट डाउन केलं तरी विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवते आणि पार्टिशन अर्धवट वापरात असल्यासारखं राहतं. लिनक्सकडे २०२१ च्या कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ हा स्वतःचा ड्रायव्हर आहे आणि असं मळकं पार्टिशन तो सक्ती केल्याशिवाय घेत नाही. सक्ती करू नका. विंडोजमध्ये परत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा किंवा पॉवरसीएफजी /एच ऑफ चालवा, पूर्ण शट डाउन करा आणि मग या.

खुद्द विंडोजच्या अपग्रेडमध्येही याच जातीचा एक अडथळा येतो. सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही, असं म्हणून ते थांबतं. तिथे पार्टिशन बिघडलेलं नसतं, भरलेलं असतं. बूटसाठीचं हे ईएफआय पार्टिशन पुष्कळदा जेमतेम १०० एमबी असतं आणि त्याला अक्षर नसल्यामुळे ते दिसतही नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने माउंटव्हॉल वाय: /एस चालवलं की ते वाय म्हणून दिसतं. आतल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या वाटेवरचा फॉन्ट्स फोल्डर रिकामा करून जागा करावी, असं मायक्रोसॉफ्टच सुचवते. त्यापलीकडे त्या पार्टिशनमध्ये काही पुसू नका.

एफएससीकेबद्दल वर ओझरतं बोललो, पण ते सुरीसारखं आहे. जोडलेल्या पार्टिशनवर ते कधीही चालवायचं नाही, त्याने चांगली फाइल सिस्टिम खरोखर मोडते. एक्सएफएससाठी वेगळं एक्सएफएस_रिपेअर असतं. ते कधी कधी मोठ्या एलचा पर्याय वापरायला सुचवतं. त्याने फाइल सिस्टिमची बदल टिपणारी नोंदवही फेकून दिली जाते आणि शेवटचे बदल हरवतात. आधी नुसतं माउंट करून बघायचं, बऱ्याचदा नोंदवही आपोआप लागू होते. आणि डीमेसेजमध्ये डिस्क वाचताना चुका झाल्याच्या ओळी एकामागून एक येत असतील, तर हा अपग्रेडचा प्रश्नच नाही. डिस्क मरते आहे. दुरुस्ती सोडा आणि डेटा बाहेर काढा.

पुढच्या अपग्रेडआधी मी काय करतो ते सांगतो. बाहेरच्या सगळ्या डिस्क काढतो. एफएसटॅब आणि एलएसबीएलके -एफ चा तक्ता यांचा फोनवर फोटो घेतो, कारण गरज पडेल तेव्हा हाच संगणक बंद असणार. /बूट खरंच जोडलेलं आहे का आणि त्यात जागा किती, ते डीएफ -एच ने पाहतो. आणि अपग्रेड सुरू करण्याआधी एकदा नुसताच रीस्टार्ट करतो. महिनोन्महिने न बंद केलेल्या संगणकाच्या यादीत एखादी मेलेली ओळ असेल तर ती तेव्हाच अडते, आणि तेव्हा दोष कुणाचा हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.